शिओमीहून आलेली बरणी

मित्रांनो, ज्या सकाळची गोष्ट मला सांगायची आहे ती २०२३ सालच्या नोव्हेंबरातली. पण त्या सकाळपर्यंत पोचायचे तर मला माझ्या जन्मापासून निघावे लागेल. म्हाताऱ्या माणसांचे असेच असते, आणि म्हाताऱ्या बरण्यांचेही.

मी एक जुनी बरणी आहे. उंच, तपकिरी, पोटाशी रुंद, दोन कानांची. कान उचलण्यासाठी दिलेले असतात, पण मी त्यांनी ऐकतेसुद्धा. माझे तोंड एवढे मोठे आहे की त्यात चार-पाच छत्र्या सहज मावतात. जीभ मात्र मला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आज मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेल नावाच्या गावी एका मराठी घराच्या दारात उभी आहे. जन्म माझा जपानचा. डोंगरातल्या एका कुंभाराने मला घडवले आणि पाइनच्या लाकडांच्या भट्टीत भाजले. मग गवतात गुंडाळून एका ट्रकवर चढवले. ट्रक एका लांबलचक बोगद्यात शिरला. अंधार, अंधार, आणि एकदम समोर समुद्र! एवढे पाणी एका जागी असू शकते, हे मला ठाऊकच नव्हते. पलीकडच्या काठावर पांढऱ्या माथ्याचा एक एकटा डोंगर जणू पाण्यावर ठेवल्यासारखा दिसत होता. मी भट्टीत तडकले नाही, पण त्या क्षणी तडकते की काय असे वाटले.

ते गाव म्हणजे शिओमी. शिओमी म्हणजे भरती-ओहोटी पाहण्याची जागा. गाव म्हणावे तर मोठे, शहर म्हणावे तर लहान. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि दोघांच्या मधून लुगड्याच्या काठासारखी जाणारी रेल्वे. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी घरे. किनाऱ्यावर जाळीच्या चौकटींवर वाळत घातलेली बारीक रुपेरी मासळी, आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. त्या घारी इतक्या धीट की शाळेतल्या मुलांच्या हातातला घास उचलून नेत.

मी तिथे एका घरात, फुमिए नावाच्या सुनेच्या हाती आले. पावसाळ्याच्या सुमारास उमे नावाची आंबट फळे पिकतात. फुमिए ती माझ्यात मिठाने मुरवायची, मग उन्हात वाळवून तांबड्या पानांबरोबर पुन्हा भरायची. भातावर त्यातले एक ठेवले की जेवण झाले. अशी मी कितीतरी वर्षे लोणच्याची बरणी होते आणि त्याचा मला अभिमान होता.

मग एका दुपारी जमीन हलली. तिथे ती अधूनमधून हलते. माझे झाकण फळीवरून पडले आणि फुटले. सासू म्हणाली, "टाकून दे आता." फुमिए म्हणाली, "झाकण गेलं म्हणून काय बरणी टाकायची?" तिने मला धुतले, पुसले आणि बाहेरच्या दाराशी, जिथे घरात शिरताना चपला-बूट काढतात, त्या कोपऱ्यात ठेवले. तेव्हापासून माझ्या पोटात छत्र्या आल्या. फुमिएच्या नवऱ्याची काळी, तिची स्वतःची निळसर, आणि पुढे त्यांची मुलगी झाली तिची पिवळी. मुलीचे नाव चिझुरु.

आणि मित्रांनो, दारात आल्यावर मला शिओमीची खरी भरती-ओहोटी कळली.

सकाळी पायऱ्यापायऱ्यांवरून बुटांचा आवाज सुरू व्हायचा. एक घर, मग शेजारचे घर, मग सगळा डोंगर. साऱ्या गावातली कामाची माणसे खाली स्टेशनाकडे वाहत जायची आणि बोगद्यापलीकडच्या मोठ्या शहरात गडप व्हायची. दिवसभर गावात फक्त म्हाताऱ्या, मुले, मासळी आणि घारी. आणि संध्याकाळी तीच गाडी ती माणसे परत आणून ओतायची. रोज! एवढी माणसे जातात आणि एवढीच्या एवढी परत येतात, याचे मला रोज नव्याने नवल वाटे. छत्री परत पोटात आली की मी समजायचे, माणूस घरी आले.

प्रत्येक जण निघताना एक शब्द म्हणे, "इत्तेकिमास." त्याचा अर्थ 'जाऊन येते'. नुसते 'जाते' असे तिथे कुणी म्हणतच नाही. आणि घरात राहणाऱ्याने उत्तर द्यायचे असते, 'जाऊन ये'. परत आल्यावर दारातच म्हणायचे, "तादाइमा," म्हणजे 'आले हं'. आतून आवाज यायचा, "ओकाएरी," 'आलीस? ये.' हात पिठात असोत की पाण्यात, फुमिएचे उत्तर कधी चुकले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. शिओमीत जागोजागी खांबांवर कर्णे लावलेले आहेत. समुद्र खवळला तर लोकांनी डोंगरावर पळावे म्हणून. ते ऐन वेळी चालायला हवेत, म्हणून रोज तपासून पाहावे लागतात. मग तपासायचे कसे? तर रोज संध्याकाळी पाच वाजता साऱ्या गावावर एक मुलांच्या गाण्याचा सूर वाजवायचा. मुले खेळ टाकून घराकडे पळत. ज्या गळ्यातून एखाद्या दिवशी 'पळा' अशी हाक यायची, त्याच गळ्यातून रोज 'घरी या' अशी हाक येते. असे गाव मी पुन्हा पाहिले नाही.

चिझुरु त्या सुरासरशी धावत यायची. दारातच ओरडायची, "तादाइमा!" आणि पिवळी छत्री तशीच माझ्यात कोंबायची. आतून फुमिए "ओकाएरी" म्हणायची आणि लगेच रागवायची, "छत्री बाहेर झटकून आण, मग बरणीत ठेव!"

वर्षे गेली. चिझुरुचे वडील आजारी पडून वारले. त्यांची काळी छत्री फुमिएने माझ्यातच राहू दिली. चिझुरु इंजिनियर झाली आणि तिला ब्रॅकनेलमध्ये नोकरी मिळाली. निघायच्या आधी फुमिएने काळी छत्री काढून भिंतीला टेकवली आणि मला लेकीच्या सामानात बांधले. म्हणाली, "तिथे दाराशी कुणीतरी आपलं असू दे." चिझुरु दारात म्हणाली, "इत्तेकिमास." फुमिए म्हणाली, "जाऊन ये."

ब्रॅकनेलमध्ये समुद्र नाही. गोल गोल चौक आहेत, काचेची ऑफिसे आहेत आणि घरांच्या मागे उंच झाडे. सकाळी इथलीही माणसे ट्रेनने लंडनकडे जातात. छत्र्या मात्र कमी, कारण पाऊस आला तर लोक कोटाची टोपी डोक्यावर ओढतात आणि चालत राहतात. चिझुरु एकटी राहायची. रोज निघताना रिकाम्या घराला "इत्तेकिमास" म्हणायची, पण उत्तर कोण देणार? मला तोंड आहे, जीभ नाही.

एके दिवशी सकाळी शेजारच्या दारातून मी ऐकले, "येते हं!"

मी दचकले. 'इत्ते'! मला वाटले, शिओमीचे कुणी आले!

ती होती स्नेहल. शेजारच्या घरात नुकतेच एक कुटुंब राहायला आले होते. ती, तिचा नवरा विक्रांत, बारा वर्षांची मुलगी धम्मशीला, आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली विक्रांतची आई, भीमाबाई. दोन्ही घरांची दारे शेजारी-शेजारी, मधे गुडघ्याएवढी भिंत. त्यामुळे त्यांचे सगळे मला ऐकू येई, आणि ऐकून ऐकूनच मी ही भाषा शिकले.

भीमाबाईने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कढीचा डबा घेऊन आली होती. डबा चिझुरुच्या हातात देऊन ती थेट माझ्यासमोर वाकली.

"अगं माय! एवढी देखणी लोणच्याची बरणी, अन् इच्यात छत्र्या खुपसल्या!"

"आजी, तो अंब्रेला स्टँड आहे," धम्मशीला म्हणाली.

"मले नको सांगू. बरणी ओळखायले काय इंग्रजी लागते?" तिने माझ्या तोंडाशी नाक आणले. "पाहा, आंबूस वास येऊन राहिला."

धम्मशीलाने इंग्रजीत विचारले, चिझुरुने हसून मान डोलावली आणि उमेच्या लोणच्याची सगळी हकिगत सांगितली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी मला बरणी म्हटले. मी तपकिरी नसते तर लाल झालेली दिसले असते.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आणखी एक गंमत झाली. शाळेला उशीर झाला म्हणून धम्मशीला दारातून ओरडली, "ओके आजी, मी जातो!"

"जातो? पोरगा हाय का तू?"

"सॉरी. मी जाते."

"जाते बी नाही म्हणायचं! येते म्हण."

"पण आजी, आय अ‍ॅम गोइंग! कमिंग नाही!"

विक्रांत बुटांची नाडी बांधत हसला. "आई, विहारात अंधश्रद्धेवर भाषण कोण देतं? शुभ-अशुभ तू मानत नाहीस ना?"

"नाहीच मानत," भीमाबाई म्हणाली. "हे शुभ-अशुभ नाही बापा, ही बोलायची रीत हाय. ती 'जाते' म्हणाली, तर मी काय म्हणू? जा? पोरीले जा म्हणू? ती 'येते' म्हणाली, तर मले 'ये' म्हणता येते. मागं राहणाऱ्याले बी एखादा शब्द लागते."

चिझुरु ऑफिसला निघाली होती. तिने धम्मशीलाला विचारले, "आजी काय म्हणाल्या?" मुलीने सांगितले. चिझुरुने तोंडावर हात ठेवला आणि मग 'इत्तेकिमास'चा अर्थ सांगितला.

"पाहा!" भीमाबाई विक्रांतला म्हणाली. "जपानात बी हेच हाय! तूच एकटा शहाणा!"

त्या दिवसापासून चिझुरु "इत्तेकिमास" म्हणाली की भिंतीपलीकडून उत्तर यायचे, "ये गं माय, ये." इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी उत्तर देत होते.

आता मी त्या सकाळच्या जवळ आले आहे.

फुमिए शिओमीत एकटीच राहत होती आणि हळूहळू सगळे विसरत चालली होती. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजाऱ्यांची नावे. चिझुरु रोज फोन करायची. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी फोन ठेवून ती माझ्याजवळ जमिनीवरच बसली. दार उघडेच होते. भीमाबाई आणि धम्मशीला कढीचा रिकामा डबा न्यायला आल्या आणि तिला तसे पाहून थबकल्या.

चिझुरु इंग्रजीत काहीतरी बोलली. धम्मशीलाचा चेहरा उतरला.

"आजी, तिची मम्मी... तिला 'तुम्ही' म्हणाला."

"म्हणाली," भीमाबाई सवयीने बोलून गेली, आणि मग तिला अर्थ कळला. "स्वतःच्या पोरीले तुम्ही?"

"हो. 'आपण कोण बोलता, काय काम आहे,' असं. लाइक अ स्ट्रेंजर."

भीमाबाई गुडघा धरत धरत चिझुरुच्या शेजारी बसली. चिझुरु सांगत होती आणि मुलगी मराठीत सांगत होती. चिझुरु नोकरी सोडून परत जाणार होती. तिकीट काढले होते. पण तिला एकच भीती होती. "मी दारात उभी राहीन, आणि आईने मला पाहुण्यासारखं वाकून नमस्कार केला, कोण हवंय म्हणून विचारलं, तर मी कुणाच्या घरी आले?"

भीमाबाईने चिझुरुचा हात आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाली, "माह्या मालकाचं सांगते तुले. कडूबा त्याचं नाव. शेवटी शेवटी सगळं विसरला. मले इचारे, बाई तू कोणाची? पण दारात कोणी 'जय भीम' म्हटलं ना, की पलंगावरून हात वर करून 'जय भीम' म्हणे. खणखणीत! नाव डोक्यात राहते, ते जाते. हे डोक्यात नसतेच, हे हाडात असते. धम्मा, सांग तिले."

धम्मशीलाने सांगितले.

"अन् हे बी सांग. ओळखलं का, ओळखलं का, असं आईले इचारू नको. परीक्षा नको घेऊ तिची. शाळेतून येत होतीस तशी दारात उभी राय, अन् तेव्हा जे म्हणत होतीस तेच म्हण."

चिझुरुचे सामान विमानाच्या वजनात बसेना. मला पाहून ती घुटमळली. "आजी, बरणी तुमच्याकडे ठेवू?" हे तिने चक्क मराठीत विचारले, धम्मशीलाकडून पाठ करून घेतले होते.

"ठेव. पण मी लोणचं घातलं तर रागावू नको!"

निघताना ती पुन्हा घुटमळली. ती तर स्वतःच्या घरी चालली होती. मग 'जाऊन येते' म्हणायचे की नाही? शेवटी ती म्हणालीच, "इत्तेकिमास." भीमाबाईने तिच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली आणि म्हणाली, "ये."

आणि मग ती सकाळ. इथले आठ वाजत होते. मी आता भीमाबाईच्या दारात होते. चिझुरुने सांगितले होते, दाराशी पोचले की फोन लावते, तुम्ही माझ्यासोबत असा. सगळे घर माझ्याभोवती उभे होते. धम्मशीला शाळेच्या कपड्यांत, स्नेहल हातात गाडीची किल्ली घेऊन, विक्रांत एक बूट घालून.

"माझी ट्रेन जाईल," तो पुटपुटला.

"जाऊ दे. दुसरी येते," स्नेहल म्हणाली.

फोन वाजला. धम्मशीलाने तो माझ्या तोंडावर, छत्र्यांना टेकवून उभा केला. पडद्यावर तेच दार होते. तीच दगडी पायरी. चिझुरु फोन धरूनच पायरी चढली, त्यामुळे माझे सारे शिओमी डोलताना दिसले. तिने दार सरकवले. आत माझा कोपरा रिकामा होता. भिंतीला काळी छत्री अजून टेकलेली होती.

"तादाइमा," चिझुरु म्हणाली.

आतून काही आले नाही.

सपातांचा आवाज आला आणि फुमिए दिसली. किती लहान झाली होती! तिने चिझुरुकडे पाहिले. ते पाहणे परक्याकडे पाहण्याचे होते. तिचे हात पुढे जुळले आणि ती पाहुण्यापुढे वाकतात तशी वाकायला लागली. इकडे भीमाबाईने माझा एक कान घट्ट धरला.

आणि तेवढ्यात, मित्रांनो, तिकडे पाच वाजले.

साऱ्या गावावर तो सूर वाजू लागला. फोन माझ्या तोंडावर होता, म्हणून तो माझ्या पोटात शिरला आणि घुमला. माझे मातीचे अंग झणझणले. सात समुद्रांपलीकडे ब्रॅकनेलच्या एका दारात शिओमीची संध्याकाळ वाजत होती. फुमिए अर्धी वाकलेली तशीच थांबली. तिने मान वळवून ऐकले. सूर संपला.

"तादाइमा," चिझुरु पुन्हा म्हणाली. या वेळी शाळकरी मुलीच्या आवाजात.

"ओकाएरी," फुमिए म्हणाली. चेहऱ्याला कळायच्या आधी ते ओठांतून निघाले होते. आणि मागोमाग, कपाळाला आठी घालून, आणखी एक वाक्य.

चिझुरु पायरीवरच मटकन बसली. हसत होती की रडत होती, कळत नव्हते.

"काय म्हणाली? काय म्हणाली ती?" भीमाबाई ओरडली.

चिझुरुने सांगितले, धम्मशीलाने मराठी केले. "छत्री बाहेर झटकून आण, मग बरणीत ठेव."

"पण तिथे पाऊस कुठाय?" विक्रांत म्हणाला.

"गप रे! 'आण' म्हणाली ती," भीमाबाई डोळे पुसत म्हणाली. "'आणा' नाही म्हणाली. 'आण' म्हणाली."

फुमिएचा हात सवयीने कोपऱ्याकडे गेला आणि रिकाम्या जागेत चाचपडला. तेव्हा भीमाबाई फोनवर वाकून म्हणाली, "ताई, बरणी इकडं हाय! मी सांभाळून राहिली! काळजी नका करू!" फुमिएने आवाज कुठून आला ते इकडेतिकडे शोधले, आणि फोनला अगदी अदबीने विचारले, "आपण कोण?"

चिझुरुने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा सगळेच हसले. ती 'आपण' म्हणाली ते बरोबर माणसालाच म्हणाली.

त्यानंतरची हकिगत थोडीच आहे. फुमिएला लेकीचे नाव पुन्हा नीट आठवले नाही. पण चिझुरु रोज मोठ्या शहरातल्या नोकरीवरून परत येऊन दारात "तादाइमा" म्हणायची, आणि एकाही संध्याकाळी "ओकाएरी" चुकले नाही. दोन हिवाळे गेले आणि उमे पिकायच्या दिवसांत फुमिए शांतपणे गेली. चिझुरु त्याच घरात राहते. माझ्या कोपऱ्यात तिने दुसरे काही ठेवलेले नाही, असे ती फोनवर सांगते. विक्रांतची ट्रेन अजूनही चुकते. स्नेहलने एकदा माझ्यात लिंबाचे लोणचे घालायचा विचार केला, पण मग छत्र्या कुठे ठेवणार? धम्मशीला आता उंच झाली आहे. शनिवारी एकटीच ट्रेनने नाटकाच्या क्लासला जाते आणि दारातून ओरडते, "मी येतो!" चूक सुधारायला आता कुणी नाही, कारण भीमाबाई पुढच्या वर्षी पुन्हा आली ती धम्मचक्र दिनासाठी नागपूरला परतली, आणि आता तिच्या गुडघ्यांमुळे डॉक्टर तिला इतका लांबचा प्रवास करू देत नाहीत. जाताना तिने आपली छत्री माझ्यात ठेवली, माझ्या कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "येते गं." छत्री अजून माझ्या पोटात आहे.

मित्रांनो, बरण्या जपा, झाकण फुटले म्हणून फेकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक लहान गोष्ट जपा. घरातून निघताना कुणी "येते" म्हणाले, तर हातात काहीही असो, क्षणभर मान वर करा आणि "ये" म्हणा. भीमाबाई नागपूरला निघाली तेव्हा घरातली सगळी माणसे सामान गाडीत ठेवायला बाहेर गेली होती. दारात तिच्याजवळ फक्त मी होते, आणि मला जीभ नाही.